नाकतोड्याची ओ

तीन जर्मन एका टेबलाशी बसले की चौथ्या दिवशी त्यांचं फेराइन निघतं. फेराइन म्हणजे आपलं मंडळच. फक्त गणपती नसतो आणि भांडणं लेखी होतात. र्युसेल्सहाइमच्या बाहेर, माइन नदीच्या अलीकडे, एका बंद कारखान्याच्या साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळांवर, जुनी इंजिनं जपणारं असं एक फेराइन होतं, आणि प्रताप त्याचा एकुलता एक मराठी सभासद होता.

प्रतापला माणसांची खाती मांडायची खोड होती. फेराइनचा अध्यक्ष लोथार: जमेला, वेळेवर येतो, हत्यार जागेवर ठेवतो, खोटं बोलत नाही. नावे, दुसऱ्यालाही तेच करायला लावतो. बायको इरा: जमेला, सगळं एकदाच सांगते. नावे, ते खरं ठरतं. स्वतःचं खातं मात्र तो क्वचितच उघडे. वीस वर्षं त्याने मोटारींची इंजिनं बनवण्यात घालवली. मग इंजिनांचे दिवस सरले, विजेच्या गाड्या आल्या, आणि कंपनीने त्याला एका नव्या विभागात नेऊन बसवलं. विजेची गाडी मागे येताना आवाज करत नाही, तेव्हा मागच्या माणसाला कळावं म्हणून तिने कसं गुणगुणावं, हे ठरवायचा तो विभाग.

"म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम," इरा म्हणाली होती. "पगार तोच ना? मग बांध."

म्हणूनच असेल, पण फेराइनच्या शेडमधल्या एका इंजिनाशी त्याचं पहिल्या दिवसापासून जमलं.

ते अमेरिकेतलं होतं, रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं. आपल्याला इंजिन म्हटलं की आडवं बॉयलर डोळ्यासमोर येतं. याचं बॉयलर उभं होतं, पाण्याच्या टाकीसारखं, आणि त्याच्या डोक्यावरून दोन लांब लोखंडी दांडे खालीवर व्हायचे, नाकतोड्याच्या मागच्या तंगड्यांसारखे. अमेरिकेतही त्या जातीच्या इंजिनांना नाकतोडेच म्हणत. उमेदीच्या काळात त्यांनी टोपीवाले साहेब आणि घोळदार झग्यातल्या मडमा ओढल्या. पुढे मोठी, वेगवान इंजिनं आली. मग कंपनीने नाकतोड्यांना कारखान्यात घेतलं, लाकडी केबिन चढवली, पुढेमागे शंटरला, म्हणजे डबे जोडणाऱ्याला, उभं राहायला फळी ठोकली, वर घंटा टांगली आणि यार्डात सोडलं. उरलेला जन्म डबे पुढे ढकल, मागे ओढ. यातलंच एक कुठल्याशा प्रदर्शनासाठी जहाजातून इकडे आलं, इथल्या कारखानदाराने ठेवून घेतलं, आणि त्याच्या आवारातही त्याने तेच केलं.

"बढती नाही, बदली," प्रताप त्याच्या पितळी नळीवरून फडका फिरवत म्हणे.

एक अडचण होती. त्या उभ्या बॉयलरमुळे चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नसे. डबा जोडायचा तर शंटरने इंजिन आणि डब्यामधल्या, धक्के झेलणाऱ्या दोन बफरच्या खालून वाकून आत शिरायचं, साखळी आकड्यात टाकायची, पिळायची आणि वाकूनच बाहेर यायचं. तो आत असताना इंजिन वीतभर जरी हललं तरी माणसाचं काय होतं, हे सांगायला लोथारला शब्द लागले नव्हते. त्याने दोन तळहात एकमेकांवर हळूच दाबले होते.

"म्हणून नियम एकच," तो म्हणाला होता. "शंटर बाहेर येतो. ताठ उभा राहतो. मग स्वतःचं आडनाव ओरडतो. ते ऐकल्याशिवाय वाफेच्या दांड्याला, रेग्युलेटरला, हात लावायचा नाही. 'जा' चालणार नाही, 'फेर्टिग', 'झालं', तेही चालणार नाही. आडनाव."

"बाकीच्या इंजिनांवर तर 'फेर्टिग' चालतं," प्रताप म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर. बाकीच्या इंजिनांवर चालतं."

"मग यावरच का?"

लोथारने कप विसळला, पुसला, खुंटीला लावला. "आल्झो, माझ्या आधीचा अध्यक्ष सांगायचा. त्याला त्याच्या आधीचा."

"इथे कुणी मेलं होतं का?"

"इथे नाही. ते मी शोधलंय." लोथारने पुन्हा तोच कप काढून पुसला. "अमेरिकनांनी विकताना काही सांगितलं नाही. विकणारा कधी सांगतो का?"

प्रतापच्या हाताखाली शंटर म्हणून आला तो क्षितिज, त्याचा मावसभाऊ. डार्मश्टाटला ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट करत होता. मिरजेहून मालिनीमावशीने त्याला विमानात बसवलं तेव्हा प्रतापला फोनवर सांगितलं होतं, "प्रताप, माझं एकच आहे रे ते. वडील नाहीत त्याला. तुझ्या पदरात टाकलाय." मावशीने लहानपणी प्रतापला चार वर्षं सांभाळलं होतं, ती जमेची रक्कम फिटण्यातली नव्हती. त्यामुळे क्षितिज जेवला का, त्याने लोकरीची टोपी घातली का, हे सगळं प्रतापच्या खात्यावर पडत असे. मुलगा गोड होता. उंच, विसराळू, आणि मोठ्यांचा शब्द खाली न पडू देणारा. हाक मारली की असेल तिथून "ओ!" म्हणे, तोंडात घास असला तरी. मावशीने ते वळण लावताना पाठीत धपाटे घातले होते.

लोथार केबिनमध्ये असला की सगळं नियमाने चाले. क्षितिज आत शिरे, साखळी लावी, बाहेर येऊन ताठ उभा राही आणि शाळेच्या हजेरीसारखं ओरडे, "बुधगावकर!" लोथारने ते आडनाव आठवडाभर घोकलं होतं, ऐकल्यावर ओळखू यावं म्हणून.

पण लोथार कॉफीला गेला की दोघांना हसू येई.

"दादा, स्वतःच्याच नावाने काय बोंबलायचं? तू हाक मार, मी ओ देतो. संपलं."

प्रतापलाही ते बरं वाटलं. परक्या देशात, परक्या यंत्रावर, धुक्यातून आपल्या माणसाची ओ ऐकू येते, याहून बरं काय? मग तसंच सुरू झालं. प्रताप केबिनमधून हाक मारी, "क्षितिज!" आणि बॉयलरच्या पलीकडून ओ येई. तो वाफ सोडे. डोक्यावरचे दांडे वाकत, उठत, आणि नाकतोडा डबा घेऊन चालू लागे.

नोव्हेंबर लागला. त्या भागात नोव्हेंबर म्हणजे नुसतं ओलं फडकं. दुपारीच दिवे लावावे लागत. धुकं नदीवरून सरपटत येई आणि रुळांच्या मध्ये बसून राही. ओल्या कोळशाचा, गंजाचा, कुजलेल्या पानांचा वास कपड्यांतून घरापर्यंत येई.

एका शनिवारी प्रतापने हाक मारली, ओ आली, त्याने इंजिन डब्याला भिडवलं आणि थांबवलं. एवढ्यात क्षितिज मागून, शेडच्या बाजूने, वाळूची बादली घेऊन येताना दिसला.

"अरे, तू पुढे होतास ना?"

"वाळू आणायला गेलो होतो. सांगून गेलो की तुला. रूळ निसरडे झालेत."

"मग ओ कुणी दिली?"

"कुणाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग क्षितिज हसला. त्याने पत्र्याची शेड, विटांची भिंत आणि धुकं यांवरून आवाज कसा फिरतो, यावर एक छोटं व्याख्यान दिलं. प्रतापने ते ऐकलं. इंजिनियर माणसाला असं व्याख्यान गरम सूपसारखं लागतं. पण वाळू टाकताना त्याच्या मनात आलं, प्रतिध्वनीला आधी ध्वनी लागतो. आणि हाक होती "क्षितिज". भिंतीने परत काय द्यायला हवं होतं?

पुढच्या शनिवारी क्षितिजने विद्यापीठातला माइक आणला आणि पुढच्या फळीवर चिकटवला. "एकदा मोजू आणि विषय बंद करू," तो म्हणाला. दिवसभर त्यांनी डबे हलवले. वावगं काही झालं नाही.

रविवारी दुपारी प्रतापच्या घरी, जेवणं झाल्यावर, क्षितिजने ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावलं. इरा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वाफेचा फुत्कार आला, लोखंडाची कुरकुर आली. मग ओ. आणि ओच्या मागोमाग प्रतापची हाक, "क्षितिज!"

"उलटं लागलंय का रे?" प्रताप म्हणाला.

क्षितिजने ते पुन्हा लावलं. ओ, मग हाक. पुढचं लावलं. ओ, मग हाक. काही ठिकाणी हाकेनंतर आणखी एक ओ होती, मोकळी, जवळची, ती क्षितिजची. पहिली मात्र प्रत्येक वेळी हाकेच्या आधी होती.

इराने घडी घालायची थांबवली. "परत लाव."

त्याने लावलं.

"ही उभ्या माणसाची नाही," इरा म्हणाली.

"म्हणजे?"

"पोट दाबून बोलल्यासारखी आहे. वाकून. पलंगाखाली काही शोधताना कुणी हाक मारली की आपण देतो ना, तशी." तिने हातातला शर्ट पुन्हा झटकला. "प्रताप, तो म्हातारा काय म्हणतो ते आजपासून ऐकायचं. आडनाव, आणि ताठ उभं राहून. मी एकदाच सांगतेय."

त्याच संध्याकाळी मालिनीमावशीचा फोन आला. क्षितिजने उत्साहाने सगळं सांगून टाकलं, फक्त रेकॉर्डिंग वगळून. मावशीने फोन प्रतापला द्यायला सांगितला.

"अरे, गाड्यांच्या मधे घालतोस त्याला?"

"मावशी, नियम आहेत इथे. जर्मनी आहे."

"नियम असू देत. तू आहेस ना तिथे?"

"आहे."

"मग झालं," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावरही ते "मग झालं" प्रतापच्या कानात बराच वेळ राहिलं.

डिसेंबरमध्ये सेंट निकोलसच्या सणाला मुलांसाठी फेराइनची छोटी सफर असे. नाकतोडा दोन लाकडी डबे घेऊन नदीपर्यंत जाई आणि परत येई. आदल्या दुपारी डबे शेडमधून काढून ठेवायचे होते. लोथार तापाने पडला होता. त्याने फोनवर तीनतीनदा विचारलं, "नाव?" आणि प्रतापने तीनतीनदा सांगितलं, "नाव." सफर रद्द करावी असं प्रतापच्या जिभेवर आलं होतं. पण जवळजवळ दोनशे वर्षांच्या इंजिनात कुणीतरी ओ देतं म्हणून मुलांची सफर रद्द करा, हे वाक्य जर्मनमध्ये कसं म्हणायचं ते त्याला सुचलं नाही. मराठीतही सुचलं नसतं.

धुकं इतकं होतं की शेडच्या दारातून पहिला डबा म्हणजे नुसता एक गडद चौकोन दिसत होता. प्रतापने इंजिन डब्याला भिडवलं, वाफ बंद केली, ब्रेक आवळला. क्षितिजने अंगठा दाखवला आणि बॉयलरच्या पलीकडे गेला. बूट खडीवर वाजले. मग बफरखालून शिरताना त्याचं जाकीट घासल्याचा आवाज आला. साखळी खणखणली.

मग काही नाही.

प्रताप थांबला. हाक मारायची नाही, हे त्याने घट्ट ठरवलं होतं. फक्त नावाची वाट पाहायची.

"बुधगावकर!"

स्वच्छ आला आवाज. क्षितिजचाच. आडनाव, सांगितल्याप्रमाणे. प्रतापचा हात रेग्युलेटरवर गेला.

आणि तिथेच राहिला. आवाज क्षितिजचा होता, नाव बरोबर होतं, पण ते जिथून यायला हवं होतं तिथून आलं नव्हतं. क्षितिज उंच होता. ताठ उभा राहिला की त्याचा आवाज केबिनच्या खिडकीच्या पातळीवर येई. हा खालून आला होता. चाकांच्या पातळीवरून. पोट दाबून.

"बुधगावकर!" पुन्हा आलं. जरा घाईत.

प्रतापने हात काढून घेतला. ब्रेक आणखी आवळला. चालवणाऱ्याने केबिन सोडायची नाही हाही नियम होता. तो मोडून तो खाली उतरला आणि एका हाताने गरम बॉयलरचा अंदाज घेत पुढे गेला.

क्षितिज बफरच्या मध्येच होता. वाकलेला, साखळी दोन्ही हातांत धरलेली. आकडा अडकत नव्हता. त्याने वर पाहिलं.

"दादा? तू का उतरलास?"

"तू ओरडलास का आत्ता?"

"मी कशाला ओरडू? अजून लागली कुठे आहे साखळी?"

प्रताप खाली वाकला. क्षितिजला दंडाला धरून बाहेर ओढावं म्हणून तो स्वतः बफरखालून आत शिरला. दोघं त्या अरुंद जागेत, एकीकडे डब्याचं ओलं लाकूड, दुसरीकडे गरम लोखंड.

तेव्हा केबिनमधून हाक आली.

"क्षितिज!"

प्रतापचा आवाज. हुबेहूब. शेवटचा "ज" थोडा तोडून म्हणायची त्याची लकबसुद्धा.

क्षितिजने प्रतापकडे पाहिलं. त्याच्यासमोर, वीतभर अंतरावर असलेल्या, मिटलेल्या ओठांच्या प्रतापकडे. त्याला कळलं होतं. पण कळणं डोक्यात असतं आणि वळण त्याहून खोल. पाठीतले धपाटे खाऊन मुरलेलं. त्याचे ओठ गोल झाले.

प्रतापने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"क्षितिज!"

वर कुठेतरी रेग्युलेटरचा दांडा हलला. पितळेवर पितळ घासल्याचा तो आवाज प्रतापला झोपेतही ओळखू आला असता. वाफ सुटली नाही. कुणीतरी दांड्यावर हात ठेवून थांबलं होतं. नियमाने. उत्तराची वाट पाहत.

क्षितिजचा श्वास प्रतापच्या तळहातावर गरम लागत होता. प्रतापने मानेनेच खूण केली. दोघं इंचाइंचाने सरकले. खडीचा एक दगड निसटला. दोघं थिजले.

"झालं का रे?" प्रतापच्या आवाजाने विचारलं. मायेने.

ते बाहेर पडले, खडीवर पालथे, आणि तसेच रांगत दूर गेले. मागे वळून पाहिलं तर केबिन रिकामी होती. ब्रेक आवळलेला. रेग्युलेटर बंद. मात्र पुढच्या फळीवर, जिथे शंटर उभा राहतो, तिथलं दव पावलांएवढ्या दोन जागी पुसलेलं होतं.

सफर झाली नाही. प्रतापने लोथारला फोन करून बॉयलर गळतंय असं सांगितलं. बॉयलर गळत नाही हे लोथारला पक्कं ठाऊक होतं.

"मुलाने उत्तर दिलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"गूट," लोथार म्हणाला. "पण त्याला आता मुलाचं नाव येतं."

प्रतापने फेराइन सोडलं. घरात नवा नियम झाला: हाक मारली तर ओ द्यायची नाही, उठून समोर यायचं. इराने कारण विचारलं नाही. "बरंय, दोघांना उठायची सवय तरी लागेल," एवढंच म्हणाली, पण सवयीने ती स्वतः हाका मारतच राहिली. क्षितिज शनिवार-रविवार त्यांच्याकडेच राहू लागला. तो कमी बोले. मावशीचा फोन आला की आधी तिचं बोलणं पूर्ण ऐके, मगच तोंड उघडे. मावशी तिकडून म्हणे, "आहेस का रे? ओ दे की!" मग प्रताप फोन घेई.

जानेवारीत क्षितिज सुट्टीवर घरी निघाला. विमानतळ जवळच होता. तरी इरा म्हणाली, मी सोडते. इमारतीखालच्या गॅरेजमध्ये गाडी भिंतीकडे तोंड करून लावलेली होती. मागे येणं भाग होतं. प्रताप पुढच्या सीटवर बसला. मावशीसाठी घेतलेल्या चॉकलेटांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. मागे क्षितिज बॅगा डिकीत रचत होता. डिकीचं झाकण वर असल्याने आरशात नुसता काळा पत्रा दिसत होता.

बॅगा ठेवल्याचा आवाज आला. झाकण खाली आलं. आरसा मोकळा झाला. मागे कुणी दिसलं नाही.

इराने खिडकी खाली केली. गॅरेजमध्ये ओल्या सिमेंटचा वास होता, आणि त्याखाली, अगदी पुसट, ओल्या कोळशाचा.

"क्षितिज, झालास का रे बाजूला?"

"ओ!"

इराने गियर मागे टाकला. प्रतापनेच बसवलेलं ते मंद गुणगुणणं सुरू झालं.

प्रतापने तिच्या मनगटावर हात टाकला आणि बाजूच्या आरशात पाहिलं. लाल दिव्याच्या उजेडात, मागच्या चाकाला लागूनच, क्षितिज बुटाची नाडी बांधायला वाकलेला होता. नाडी सुटलेलीच होती. त्याचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या तोंडावर होते.